लोरेनहॉर्स्टसाठी स्थळ

घोड्याला ‘काय छान नाचतो’ म्हटल्याबद्दल घराबाहेर काढला गेलेला भाडेकरू अख्ख्या झाशीत मी एकटाच असेन. सकाळी टेम्पोतून सामान उतरवलं, दुपारी घरमालकांनी मोठ्या अगत्यानं आपला घोडा दाखवायला नेलं, आणि संध्याकाळी माझी गादी, बादली आणि कुकर खंडेराव गेटच्या रस्त्यावर होते. कुकरची शिट्टी तर काढून वेगळी ठेवलेली. तिचा काय गुन्हा होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता तुम्हीच सांगा. बरुआसागरच्या रस्त्याला एक शेत. त्यात चुन्यानं आखलेला लांबट चौकोन. चौकोनात एक उंचापुरा, गडद तपकिरी घोडा आणि त्याच्या पाठीवर काठीसारखा ताठ सत्तरीचा म्हातारा, म्हणजे आमचे घरमालक. घोडा पुढे जात नाही, मागे जात नाही. जागच्या जागी एकाआड एक पाय उचलतो आणि अलगद ठेवतो. जमीन तापली आहे, पण चारचौघांत बोभाटा करायचा नाही, असं जणू त्याला घरून बजावून पाठवलं आहे. साताऱ्याहून आलेला, इथल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात नुकता चिकटलेला माणूस हे बघून दुसरं काय म्हणणार?

“वा! काय नाचतो हो!” मी म्हणालो.

म्हातारा खाली उतरला. लगाम हातात धरूनच माझ्यापर्यंत आला. “काय म्हणालात?”

त्यांना ऐकू आलं नसेल, असं वाटून मी तेच जरा मोठ्यानं म्हणालो.

“नाचतो? हा?” त्यांच्या मिशा खरोखरच थरथरल्या. “अहो, नाचतात त्या बारातीतल्या घोड्या! खाटेवर चढून, ढोलकच्या तालावर! हा लोरेनहॉर्स्ट आहे! बाप लाउटेनवाल्ड, आजा लुस्टमार्क! याच्या मागल्या पिढ्यांत एक कुणी नाचलेला दाखवा, मी मिशा उतरवून देतो!”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात राहिलेली माझी एक चप्पल घेऊन ते स्वतः धर्मशाळेत हजर झाले. माफीबिफी काही नाही. एवढंच विचारलं, “इंजिनिअर, इंग्रजी मोठ्यानं वाचता येतं का?” येतं म्हटल्यावर म्हणाले, “मग चला घरी. सामान हमाल आणतील.” माझी नेमणूक कशासाठी झाली, ते पुढे येईलच. पण एका शब्दावरून हाकलणं आणि एका वाक्यावरून परत आणणं, मधे एका रात्रीची धर्मशाळा, ढेकूण आणि एकच चप्पल, याला न्याय म्हणतात का, हे मी अजून विचारत असतो.

सारं शहर त्यांना रिसालदार साब म्हणे. मी काका म्हणत असे. घोडदळाच्या पलटणीत ते घोडेस्वारी शिकवत होते, आणि निवृत्त झाले तरी त्यांची पाठ काही निवृत्त झाली नव्हती. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर उत्तरेत आला तो इथलाच झाला. घरातली मराठी मात्र तिथेच थांबलेली, आणि तिच्याभोवती हिंदी चढलेली. “इंजिनिअर, जरा शऊर ठेवा, तो तोबरा फडताळात नाही ठेवत,” असं ते बोलत. मी एकदा ‘तबेला’ म्हणालो, तर तास गेला. तबेला म्हशींचा असतो. घोड्यांची पागा. पागेत मोतद्दार असतो, नोकर नव्हे. घोड्याला खरारा करतात, ब्रश नव्हे. माझ्या तोंडची मराठी म्हणजे त्यांना पुण्यामुंबईची नवी खोड वाटे. “तुमची मराठी मला कळते हो,” ते म्हणत, “पण तिला चाल नाही.”

त्यांच्या लेखी जगात चाल असलेल्या गोष्टी फार थोड्या होत्या, आणि त्यांतली पहिली पागेत उभी होती.

लोरेनहॉर्स्ट उत्तर जर्मनीतला. वॉर्मब्लड. याचा अर्थ मी पहिल्याच आठवड्यात विचारला. काकांनी समजावलं, की थंड रक्ताचे म्हणजे नांगराचे नि गाड्याचे अवजड घोडे. गरम रक्ताचे म्हणजे अरबी आणि शर्यतीचे, काडी दाखवली की पेटणारे. या दोन्हींतलं चांगलं तेवढं वेचत, पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेली ही जात. रक्ताच्या उष्णतेचा संबंध नाही, स्वभावाचा आहे.

“म्हणजे कोमट रक्ताचा,” मी म्हणालो. मला खरंच मदत करायची होती.

त्या दिवसापासून पंधरवडाभर मला पागेत चहा मिळाला नाही.

तिकडे म्हणे पोराचं नाव बापाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात, म्हणून सगळे ‘ल’चे. आणि तिकडची पसंती म्हणजे आपल्याकडच्या मुली बघण्याच्या कार्यक्रमाला मागे टाकेल. अडीच वर्षांचे देखणे नर एका मांडवाखाली जमवायचे. पंचांनी खूर बघायचे, सांधे बघायचे, मोकळं सोडून दुडकी बघायची, आणि बहुतेकांना नापास करायचं. नापास झालेल्याचा वंश तिथेच संपला. शस्त्रक्रिया, आणि मग आयुष्यभर नुसती नोकरी. लोरेनहॉर्स्ट पास झाला होता. एवढंच नव्हे, तर नंतरच्या खोगिराखालच्या परीक्षेतही पास झाला होता. काका हे सांगत तेव्हा स्वतः दोन्ही परीक्षांना बसल्यासारखे घामाघूम होत.

असा हा मान्यताप्राप्त नर दिल्लीकडच्या एका कारखानदारानं विकत आणला. कशासाठी? मुलाच्या वाढदिवसासाठी! आणि त्या मुलाला शिकवायला काकांना ठेवलं. पुढची काही वर्षं काकांनी घोडा घडवला आणि मुलानं तो बिघडवला. पहाटे काका बसत तेव्हा घोडा कानांनी ऐके. सकाळी मुलगा बसे तेव्हा त्याच घोड्याचं तोंड दोन्ही हातांनी ओढलं जाई. तरी घोडा जिंकत गेला. ड्रेसाज म्हणजे काय, तर पंचांच्या समोर आखलेल्या चौकोनात, कडेच्या पाट्यांवरल्या ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली चाल, आणि प्रत्येक चालीला दहापैकी गुण. स्वारानं काय सांगितलं, हे कुणाला दिसता कामा नये. दिल्लीच्या स्पर्धेत खालच्या वर्गातून मधल्या, मधल्यातून वरच्या वर्गात घोडा चढला. फोटोत मुलगा, चषक आणि कारखानदार. काकांचा फक्त एक कोपर दिसतो.

“पंच म्हणजे कोण, माहीत आहे?” काका म्हणत. “ज्यांना घोड्यांनी पाडलं, आणि जे ते विसरले नाहीत.”

मग मुलाला मोटारींचा नाद लागला. कारखानदार म्हणाले, घोडा पाहुण्यांना फिरवायला राहू दे, पण नर फार दांडगाई करतो, त्याला खस्सी करून घ्या. डॉक्टरांना बोलावणंही गेलं. हे सांगताना काकांचा आवाज खाली जाई, आणि त्यांचा आवाज खाली गेलेला मी एरवी कधी ऐकला नाही. “दोन परीक्षा पास झालेला नर, इंजिनिअर. त्याच्या बापाची पोरं तिकडे देशोदेशी. आणि हा माणूस म्हणतो, पाहुण्यांना त्रास होतो!” त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. कारखानदार भला गृहस्थ, म्हणाला, निरोपाची भेट काय देऊ? लोक घड्याळ घेतात. काकांनी घोडा मागितला.

तेव्हापासून त्यांना एकच काळजी होती. झाशीत आला तेव्हा घोडा भर वयात होता. मी आलो तेव्हा तो विशी ओलांडून गेला होता, पापण्यांवर पांढरं येऊ लागलं होतं, आणि जगात त्याच्या नावाचं एकही शिंगरू नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता फार तर एखाददुसरा हंगाम. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल काका अवाक्षर काढत नसत. पण घोड्याचा वंश बुडतो की काय, या धसक्यानं ते ताटावरून उठून जात.

एका पितृपक्षात लक्ष्मी तालाच्या काठी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. गुरुजी तर्पण सांगत होते. वडिलांचं नाव झालं, आजोबांचं झालं. “पणजोबांचं नाव?” गुरुजींनी विचारलं. काका डोळे मिटून म्हणाले, “लुस्टमार्क.” गुरुजींनी तसंच म्हणायला सुरुवात केली होती. मी हसलो, आणि ओंजळीतलं पाणी तिळांसकट माझ्या शर्टावर आलं. काकांनी नाव दुरुस्त केलं खरं, पण परतताना स्कूटरवर मलाच ऐकवलं. “हसायला काय झालं? त्यानं चार देशांत नातवंडं ठेवली. आमच्या पणज्यानं काय ठेवलं? मला!”

तुम्ही म्हणाल, एवढी काळजी होती तर घोड्या काय कमी होत्या? अहो, रांग लागत असे! वसंत आला की आसपासच्या गावांतून लोक घोड्या घेऊन येत. कुणाची टांग्याची, कुणाची शेतावरची, कुणाची लग्नात नाचणारी. आणि इथे काकांचा वधूपरीक्षेचा सोहळा चाले. घोडीला चालवून आणा, दुडकीनं न्या, वळवा, उभी करा. छत्री धरून मी शेजारी. काका दहापैकी गुण देत, आणि सहाच्या वर त्या वर्षांत कुणी गेली नाही. एकीची पाठ लांब. एकीचे मागचे पाय गाईसारखे आत वळलेले. एकीचं सगळं ठीक होतं, पण “नजर सासूसारखी आहे” म्हणून नापास.

बरुआसागरचा एक शेतकरी चिडलाच. “काए दद्दा, हमाई मोड़ी के ब्याव में भी इत्ती देखा-परखी नईं भई ती!” म्हणजे, माझ्या मुलीच्या लग्नातही इतकं कुणी पारखलं नाही. काका शांतपणे म्हणाले, “तबई तौ दामाद ऐसो मिलो.” हा जावई सगळ्या पंचक्रोशीला माहीत असावा, कारण शेतकऱ्याबरोबर आलेले चौघेही हसले आणि शेतकरी एकटाच घोडी घेऊन निघाला.

आणि सगळ्यांत वरचा नियम तोच. तोंडातून ‘नाच’ हा शब्द निघाला, की घोडी बघितलीसुद्धा जात नसे. माणसालाच फाटकाबाहेर काढलं जाई. बारातीची सुपारी घेऊन येणारे तर वेगळेच. एका वरपित्याला काकांनी चाबूक दाखवून पार हमरस्त्यापर्यंत पोचवलं होतं. मलाही हळूहळू ते पटत गेलं, हे सांगायला हवं. एखाद्या जनावरानं बारा वर्षं घालून अंगाचा कण न् कण आवरायला शिकावं, आणि बघणाऱ्यानं खिशात हात घालून विचारावं, “बैंड के साथ कितना लेगा?” माझंही रक्त कोमट राहीना.

माझ्या नेमणुकीचं कारण म्हणजे स्पर्धेत स्वाराला पुढची चाल मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस ठेवायची मुभा असते. काकांना सगळं पाठ होतं, पण ते म्हणत, “रिसाल्यात हुकूम बाहेरून यावा लागतो.” छावणीच्या मैदानावर लोरेनहॉर्स्टची शेवटची स्पर्धा होती. मी चौकोनाच्या कडेला उभा राहून खणखणीत वाचत होतो. घोडा असा चालत होता, की पंचांच्या मांडवात चहाचे कप हवेत थांबले होते. मी पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली गेली. आणि मी त्याच खणखणीत आवाजात वाचलं, की सलामी द्या आणि चौकोनाबाहेर जा.

काकांना ठाऊक होतं, की अजून अर्ध्या चाली बाकी आहेत. घोड्यालासुद्धा ठाऊक होतं, तो क्षणभर अडखळला. पण काकांनी घोडा मधोमध आणला, कडक सलाम ठोकला, आणि मान उंच ठेवून बाहेर पडले. बाद!

“अहो, तुम्हाला माहीत होतं ना?” मी रडकुंडीला येऊन विचारलं.

“हुकूम होता,” ते म्हणाले. “चुकीचा हुकूम देणारा चुकतो. न पाळणारा शिपाईच नसतो.” मला वाटलं, केवढा मोठा माणूस! पुढे वर्षभर भेटेल त्याला ते माझी ओळख अशी करून देत: “हे आमचे इंजिनिअर. यांना दोन पानांतला फरक कळत नाही.”

अशात ग्वाल्हेरहून एक स्थळ आलं. तिथल्या एका बाई घोडेस्वारीची शाळा चालवत. जुन्या सरदार घराण्यातल्या, साठीच्या, जिभेला धार. त्यांच्याकडे चांदणी नावाची घोडी होती. शर्यतीच्या रक्ताची, पण शर्यतीत मन न रमलेली, ड्रेसाज शिकलेली. तिची चित्रफीत माझ्या फोनवर आली. काकांनी ती बघितली, पुन्हा बघितली, फोन लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली. मी नापासाचा शेरा ऐकायच्या तयारीत होतो.

“साडेसात,” काका म्हणाले, आणि पागेत जाऊन घोड्याच्या कानात काहीतरी बोलून आले.

ठरलं असं, की काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकू दे, मग बाईंनी घोडी पाठवावी. पण घोड्या काही पंचांग बघून माजावर येत नाहीत. काका दवाखान्यात डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पडलेले, पागा माझ्या ताब्यात, आणि दुपारी फाटकाशी एक बंद ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

“भैया, वो नाचने वाला घोड़ा यहीं है क्या?”

बस्स! माझ्या अंगात काका संचारले. वाटलं, लग्नसराईचा कंत्राटदार, आता तर ट्रकच घेऊन आला उचलायला! मी चाबूक उचलला. चाबूक मला फिरवता येत नाही, तो माझ्याच पायाभोवती गुंडाळला गेला, पण तोंड मोकळं होतं. इथे कुणी नाचत नाही, हा लोरेनहॉर्स्ट आहे, बाप लाउटेनवाल्ड, आजा लुस्टमार्क, ट्रक वळवा नाहीतर टायर फोडतो! तो बिचारा काहीतरी सांगत होता. मी सांगू दिलं तर ना! ट्रक वळला. वळताना आतून एक बारीक खिंकाळी आली, आणि पागेतून लोरेनहॉर्स्टनं भिंती हादरतील असं तिला उत्तर दिलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्याच्या!

प्रकाश पडला तो संध्याकाळी, बाईंच्या फोननं. “आमची लेक दारातून परत पाठवलीत? नीट बघितलंसुद्धा नाही? आम्ही काय रस्त्यावरचे आहोत?” हे सगळं मला, आणि मग मी दवाखान्यात जाऊन ते काकांना.

काकांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग एवढंच विचारलं, “ड्रायव्हर काय म्हणाला होता?”

“नाचने वाला घोड़ा.”

“मग बरोबर केलंत,” ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

त्यांनी मला हाकललं असतं तर बरं झालं असतं. घरी आले तरी भिंतीकडेच तोंड. पागेत जाऊन नुसते उभे राहत. खरारा हातात, आणि हात थांबलेला. माझं म्हणणं, बाईंना फोन करा, चूक माझी म्हणून सांगा, घोडी परत बोलवा. “आम्ही मुलाकडचे,” ते म्हणत. “मुलाकडच्यांनी नाक घासायचं?” हंगाम उतरणीला लागला होता. शेवटी माझाच तोल गेला. “तुमच्या नाकापायी त्याचा वंश बुडतोय!” मी ओरडलो. “त्या कारखानदारानं सुरीनं केलं असतं, ते तुम्ही मिशांनी करताय!”

मी स्वतःच कुकर उचलायला वर गेलो. खाली आलो, तर काका पिठाच्या डब्याशेजारी बसून बूट चकाकवत होते. “ट्रक बोलवा,” म्हणाले. “आपण जाऊ.”

नर घोडीच्या दारी जाणार! पागेच्या कायद्यात हे बसत नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी वाटेत म्हणालो, “काका, रिवाजाला धरूनच आहे की. नवरदेव वाजतगाजत मुलीच्या दारी, म्हणजे बारातच ही!” दतियाच्या आसपास ते मला ट्रकमधून उतरवायला निघाले होते. ड्रायव्हर थांबला नाही म्हणून मी ग्वाल्हेरपर्यंत पोचलो.

बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. शाळेतली माणसं मागे उभी. पाणी आलं, चहा आला नाही. काका टोपी काढून उभे राहिले.

“हा तो?” बाईंनी घोड्याकडे बघितलं. “वय झालंय.”

“माझंही झालंय,” काका म्हणाले.

“तुम्हाला नाही मी जावई करत, रिसालदार. आधी चालवून दाखवा.”

काका चढले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलेलं. घोडा प्रवासानं शिणलेला. पहिली फेरी झाली ती मला बघवेना. मागचा डावा पाय आखडत होता. दुसऱ्या फेरीत काकांनी काय केलं ते मला दिसलं नाही, आणि तेच तर दिसायचं नसतं. घोड्याची मान वर उचलली गेली. पाठ भरून आली. अंगणाच्या मधोमध तो थांबला, आणि थांबल्या जागी त्याचे पाय उचलले जाऊ लागले. एकाआड एक, अलगद, वर गेलेला पाय एक श्वासभर हवेतच. म्हातारा घोडा, म्हातारा माणूस, आणि दोघांत कुणी घाईत नाही. पाखराच्या पिसासारखी धूळ उडत होती आणि तिथेच बसत होती.

“वाह!” मागचा एक मोतद्दार न राहवून ओरडला. “क्या नाचता है!”

मी डोळे मिटून घेतले. संपलं! घोडा थांबल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले तर काका खोगिरावर ताठ, आणि बाई खुर्चीत पुढे सरकलेल्या. आमचं ट्रक-पुराण त्यांना पुरतं ठाऊक होतं. अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, “काय हो रिसालदार? नाचतो का हा?”

काकांच्या जबड्याचं हाड हललं. मिशा हलल्या. चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला.

“नाचतो,” ते म्हणाले. “तुमच्या दारी नाचतो.”

बाई उठल्या. “चांदणीला आणा रे,” म्हणाल्या. “आणि चहा टाका.”

चहा काकांनी घेतला नाही. परत येताना झाशी येईपर्यंत ते कुणाकुणाला शिव्या देत होते: त्या मोतद्दाराला, दिल्लीच्या कारखानदाराला, मला, रस्त्याच्या ठेकेदाराला. मधेच म्हणाले, “जनावरापायी माणसाला काय काय म्हणावं लागतं.” मी पाण्याची बाटली पुढे केली.

घोडीला दिवस राहिले. अकरा महिने काकांनी माझा फोन मला नीट वापरू दिला नाही. आणि एका सकाळी बाईंचा निरोप आला: शिंगरू झालं. मादी. दोघी सुखरूप.

आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो. मला वाटलं, आता तरी हा माणूस आनंदानं दोन शब्द बोलेल! त्यांनी गव्हाणीतला पेंढा उचलून हुंगला आणि तो दमट आहे म्हणाले. शिंगरू आईच्या आडून पुढे आलं. अंगाला पाय जास्त, बाकी कान. काका म्हणाले, कान मोठे आहेत. मान आईवर गेली आहे. खांदा सरळ आहे. नाक, नाक तर कुणाचंच नाही. बाईंनी नाव ‘बिजली’ ठेवलं म्हटल्यावर ‘ल’ अक्षरावरून जे भांडण झालं, ते मी इथे सांगत नाही. बाई जिंकल्या. ते लांबुडकं पोर आमच्यासमोर अंगणाच्या कडेनं एकटंच दुडकत गेलं आणि परत आलं. मी काकांना विचारलं, “किती?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तर्पणात हसलो होतो, आणि स्टेशनकडे चालायला लागले.

मी भयंकर संतापलो होतो. एवढी वर्षं, एवढा अपमान, आणि हाती आलेल्या नातीच्या नाकाला नावं ठेवत बसायचं? परतीच्या पॅसेंजरमध्ये मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बसलो. समोर एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर गाठोडं. तिनं काकांना विचारलं, “काए दद्दा, कितै गए हते?”

“नातिन भई है,” काका म्हणाले. “देखबे गए ते.”

मी वळलो.

“मोड़ी भई?” म्हातारीनं समजूत घातल्यासारखा आवाज काढला. “चलो, कोनऊ बात नईं. अगली बेर मोड़ा हुइए.”

“कोनऊ बात नईं को का मतलब?” काका एवढ्या जोरात कडाडले, की पलीकडच्या बाकावरचे दोघे जागे झाले. “मोड़ी में का खराबी है? वंश मोड़ी से नईं चलत का? ऐसी मोड़ी देखी है तुमने? का कान, का गर्दन! और चाल देखो तौ देखत रै जाओ!”

म्हातारी गांगरली. “चाल? काए, कित्ते दिना की हो गई?”

“आज सबेरे भई.”

“हाय राम!” तिनं तोंडावर हात ठेवला. “और चलन लगी?”

काकांनी मिशांवरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हमाए खानदान में सब ऐसई हैं.”